म्हशींनी आखलेली वाट

सह्याद्रीत सायकलसाठी म्हणून कुणी वाट काढलेली नाही. निदान अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या माझ्या हिंडण्याच्या टापूत तरी अशी वाट मला भेटलेली नाही. जी अरुंद वाट सोंडेला वळसा घालत, मधला ओढा नेमक्या सोप्या जागी ओलांडत पुढं जाते आणि जिच्यावर चाक टाकलं की पन्नाशीतला माणूसही शीळ घालायला लागतो, ती बहुतेक वेळा म्हशींची असते. म्हैस रोज त्याच वाटेनं रानात जाते, त्याच वाटेनं गोठ्यात येते आणि गरज नसताना चढ चढत नाही. सायकलवाल्याला तरी आणखी काय हवं असतं?

आमच्या पुण्याच्या कंपूत तिला सिंगल ट्रॅक म्हणतात, गावात ढोरवाट म्हणतात. समोर कोण आहे ते बघून मी शब्द वापरतो.

या वाटा समजून घ्यायच्या तर आधी डोंगर बघायला हवा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. काही टणक निघाले, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार झाला, टणक थर उभा कडा होऊन राहिला. म्हणून मावळातला कुठलाही डोंगर खालून पाहिला की आधी कडा दिसतो, मग झाडीचा आडवा पट्टा, वर पुन्हा कडा. तो आडवा पट्टा म्हणजे पदर. परदेशातल्या सायकलींचे व्हिडिओ बघून इकडं येणारा नवा गडी माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा सलग उतार शोधत राहतो आणि हिरमुसतो. तसा उतार इथं मिळतच नाही. पदरावरून बराच वेळ आडवं जायचं, मग एखादी नाळ, म्हणजे कड्यातली उभी घळ, लागते. तिथं सायकल खांद्यावर घ्यायची, धोंड्यांतून पाय सांभाळत खालच्या पदरावर उतरायचं आणि पुन्हा आडवं सुटायचं.

उतरण्यापेक्षा हे आडवं जाणंच जास्त अवघड, असं माझं मत आहे. उतारावर वजन मागं टाकलं आणि ब्रेक बोटांत राहिले की निम्मं काम होतं. आडव्या वाटेवर एका अंगाला डोंगर अंगावर येतो, दुसऱ्या अंगाला दरी. डोंगराकडचं पेडल खाली आलं की दगडावर आपटतं. हँडलचं टोक कारवीच्या काठ्यांत अडकतं. अशा वेळी दरीकडं बघायचं नाही. जिकडं नजर जाते तिकडंच चाक जातं. शिकवणारे सगळेच हे सांगतात. समोर ढाक बहिरीचा कडा उभा असताना त्याच्याकडं बघायचं नाही म्हणजे काय, हे त्यांनी तिथं येऊन सांगावं.

माउंटन बायकिंगची जन्मकथा आता बऱ्याच जणांना माहीत असते. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यातली काही पोरं १९३०-४० च्या काळातल्या, जाडजूड टायरच्या, धूड वजनाच्या जुन्या श्विन सायकली घेऊन डोंगरावरून सुटायची. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. रस्ता तीन किलोमीटरांहून थोडा जास्त आणि तेवढ्यात सुमारे ४०० मीटर खाली. ब्रेक एकच, पेडल उलटं दाबलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा. तळाशी पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि पुढच्या फेरीआधी नवं भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. पुढच्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझनं या कामासाठी खास सांगाडा बनवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीनं जोडलेल्या फ्रेमच्या सायकली विकायला काढल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आलासुद्धा. पहिल्या शर्यतीपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षं.

मला त्या गोष्टीत वेगळंच आवडतं. रीपॅकचा तो रस्ता वणवा लागला तर गाडी नेता यावी म्हणून ठेवलेला होता. म्हणजे तिथंही सायकल दुसऱ्याच्या कामाच्या वाटेवरच जन्मली.

आणि भांडणंही तिथंच जन्मली. पोरं रुंद रस्ते सोडून अरुंद पायवाटांवर शिरली, तेव्हा पायी फिरणारे आणि घोडेवाले वैतागले. बऱ्याच पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद रस्त्यांवर ताशी १५ मैलांची वेगमर्यादा आली. या वादातूनच १९८८ मध्ये सायकलवाल्यांनी एक संघटना काढली. पायी माणूस दिसला तर त्याला वाट द्यायची, घोडा दिसला तर थांबायचं, वाट ओली असेल तर घरी बसायचं, असे तिचे साधे नियम आहेत. मी ते मानतो. फरक एवढाच, की मॅरिनमधला पायी माणूस बहुधा सुट्टीच्या दिवशी हवा खायला आलेला असतो. माझ्या वाटेवर समोरून येणाऱ्या बाईच्या डोक्यावर सरपणाची मोळी असते. मोळी वाटेच्या दुप्पट रुंद असते आणि तिला मान वळवता येत नाही. तिथं वाट कुणी द्यायची हा प्रश्नच पडत नाही. सायकल उचलून कारवीत उभं राहायचं, आणि ‘जा मावशी’ म्हणायचं.

या संघटनेनं वाटा कशा बांधाव्यात यावरही बराच अभ्यास केला. त्यातला एक नियम असा: वाटेचा चढ हा डोंगराच्या त्या बाजूच्या चढाच्या निम्म्याहून कमी हवा. डोंगर ४० टक्के उताराचा असेल, तर वाट २० टक्क्यांच्या आत. त्याच्या वर गेलं की पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेनंच वाहायला लागतं आणि दोन-चार पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. एकूण वाटेची सरासरी साधारण १० टक्क्यांच्या आसपास असावी, मधेमधे ती थोडी चढून उतरावी, म्हणजे साचलेलं पाणी त्या जागी बाहेर पडतं. हे वाचल्यावर मी फोनमधल्या चढ मोजणाऱ्या ॲपनं आमच्या ढोरवाटा मोजायला सुरुवात केली. म्हशींना हे आधीपासून येत होतं! सकाळी चरायला जातानाची त्यांची वाट मोजली, की आकडे थेट पुस्तकातले.

संध्याकाळी मात्र म्हैस तहानलेली असते, आणि तहानेला नियम नसतो. पाणवठ्याकडं जाणारी वाट सरळ उतारावर कोसळते. तिथं खुरांनी माती मोकळी होते, पाऊस ती वाहून नेतो, आणि गुडघाभर खोल चर उरतो, ज्यात सायकलची पेडलं दोन्हीकडं घासतात. नकाशात दोन वाटा शेजारी दिसल्या तर कुठली सकाळची आणि कुठली संध्याकाळची, एवढं ओळखता आलं पाहिजे.

ठोकरवाडी धरणाच्या वरच्या अंगाला एका पदरावर गवळी धनगरांचा वाडा आहे. चार घरं, कुडाच्या भिंती, पुढं गोठे. आंध्रा नदीचं पाणी इथं अडवलं गेलं ते भिवपुरीच्या वीजघरासाठी, आणि ते वीजघर १९२२ मध्ये सुरू झालं. तेव्हापासून पलीकडच्या गावाला जायचं तर पाण्याला वळसा घालून जावं लागतं. तो वळसा सायकलवाल्याला स्वर्ग वाटतो. बाजाराला जाणाऱ्याला काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

पहिल्यांदा तिकडं गेलो तेव्हा दारात बसलेल्या आजींनी आधी माझ्याकडं, मग सायकलकडं पाहिलं.

“आरं बाबा, रस्ता खाली ऱ्हायला. हिकडं म्हशी जात्यात.”

“म्हशी जातात तिथंच जायचंय, आजी.”

“म्हशींचं काम असतंय तिथं. तुझं काय हाय?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनी ताक दिलं, मी प्यालो. नंतर गप्पांत कळलं, की त्यांच्या सासूच्या काळात वाड्यावरून आठवड्याच्या बाजाराला तूप जायचं. तूप टिकतं, त्यामुळं एक फेरी पुरायची. पुढं खालच्या गावात दूध घालायची सोय झाली आणि दूध टिकत नसल्यामुळं रोज सकाळ-संध्याकाळ कॅन खाली न्यावे लागायला लागले. मी ज्या वाटेवर खूश झालो होतो ती तेव्हापासून मळली. तुपाच्या दिवसांत ती इतकी स्वच्छ नव्हती.

हे ऐकल्यापासून कुठल्याही वाटेवर मी आधी हा विचार करतो: इथून कोण, कशासाठी जातं? राजमाचीला फारसा विचार करावा लागत नाही. लोणावळ्याहून तुंगार्ली, फणसराई करत उधेवाडीला जाणारी ती साधारण १५ किलोमीटरची वाट सगळ्यांना ठाऊक आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले आणि त्यांच्या मधल्या माचीवर वसलेली वाडी. नवख्याला पहिल्यांदा न्यायला जागा झकास. पण जूनच्या तोंडाशी काजवे बघायला येणाऱ्या गाड्या आणि एरवीच्या जीपनी तिचे ठिकठिकाणी दोन चाकोऱ्यांचे चर केले आहेत. शनिवार-रविवारी तर मी तिकडं फिरकत नाही.

कुसूर घाटाची गोष्ट निराळी. अंदर मावळातून भिवपुरीकडं उतरणारी ती जुनी वाट. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये झाला, रेल्वे १८६३ मध्ये घाट चढून वर आली. त्याआधी कोकण आणि देश यांच्यामधला माल बैलांच्या पाठीवरूनच घाट चढायचा. पाठीवर ओझं असलेल्या बैलाला खूप उभा चढ झेपत नाही आणि फार तीव्र वळणही नको असतं. म्हणून अशा घाटवाटांची वळणं ऐसपैस असतात, आणि म्हणून शे-दोनशे वर्षांनी तिथं सायकल वळते. तांडे गेले, वळणं राहिली. त्या वळणांवर बैलांच्या मागून चालणाऱ्या कुणा लमाणाचा मी ऋणी आहे असं मला खरंच वाटतं, मग ते ऐकायला कितीही भाबडं वाटो.

किल्ल्यांच्या वाटा मात्र सोडून द्याव्यात. त्या शत्रूला चढता येऊ नये म्हणून केलेल्या असतात, आणि सायकल त्या बाबतीत शत्रूच.

आता हंगामाबद्दल, कारण दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मी ढोरवाटांवर जात नाही. कातळावर शेवाळ असतं हे एक कारण, पण खरं कारण माती. ओल्या वाटेवर मागचा ब्रेक करकचून दाबला की टायर एक लांब रेघ ओढतो, पुढच्या सरीचं पाणी त्या रेघेला धरतं, आणि आपण मागं ओहोळ ठेवून घरी जातो. म्हशींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला उतार एका शनिवारात बिघडवता येतो.

पाऊस सरला की लगेच जावंसं वाटतं. सोनकी फुललेली असते, तेरडा असतो, नशिबात असेल तर सात वर्षांतून एकदा येणारा कारवीचा बहर असतो. पण ऑक्टोबरात वाट वाळते ती खुरांच्या ठशांसकट. चिखलात उमटलेला प्रत्येक खूर टणक वाटी होऊन बसतो आणि सगळ्या पदराचं अप्पेपात्र झालेलं असतं. त्यावरून सायकल चालवून बघा. धक्के शोषणाऱ्या पुढच्या फोर्कला कितीही किंमत मोजलेली असली तरी दात वाजतात. ती खळगी झिजून सपाट व्हायला दिवाळी उलटून जावी लागते. मग नोव्हेंबर ते जानेवारी हे खरे दिवस. पुढं मार्चपासून मुरूम सुटा होतो, कडक जमिनीवर बारीक खड्यांचा थर पसरतो, आणि वळणावर पुढचं चाक न सांगता निघून जातं.

काट्यांना मात्र हंगाम नाही. बाभूळ बारा महिने आहे, त्यामुळं ट्यूबलेस टायर आणि आत पंक्चर बुजवणारं भरपूर सीलंट. मागच्या गिअरचा हँगर नावाचा जो छोटा तुकडा असतो, तोही एक जास्तीचा सोबत असावा. दगडावर आपटून मोडला तर चेन तोडून, गिअरविना, ढकलत यावं लागतं. सामानाबद्दल यापलीकडं बोलण्यासारखं माझ्याकडं काही नाही. बोलणारे पुष्कळ आहेत.

किंमत मात्र प्रत्येक वाडीत विचारतात. “केवढ्याची गाडी?” मी जो आकडा सांगतो तो खऱ्या आकड्याच्या आसपासही नसतो. खरा सांगितला तर त्यात एक दुभती म्हैस येते, हे समोरच्याला लगेच कळेल, आणि मग तो मला शहाणा समजणार नाही. सांगितलेला खोटा आकडाही त्यांना जास्तच वाटतो. एकानं विचारलं होतं, “एवढ्यात मोटरसायकल आली असती की?” आली असती, म्हटलं.

तर रस्ते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० मध्ये सुरू झाली, राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ मध्ये. आडगावांपर्यंत डांबर पोचायला लागलं. डांबर पोचलं की चालणारे डांबरावरून जातात, आणि वाट मोडायला एक-दोन पावसाळे पुरतात. आधी गवत येतं, मग दोन्हीकडची कारवी एकमेकींना भेटते, आणि जिथं ऊन आहे तिथं घाणेरी माजते. घाणेरीच्या जाळीत सायकल घेऊन शिरणं म्हणजे कपड्यांचं आणि कातडीचं एकदमच नुकसान. पूर्वी आनंदानं चालवलेल्या काही वाटा आता मला सापडतच नाहीत. जीपीएसवर रेघ दिसते, जमिनीवर काही नाही.

आमच्या कंपूत यावर हळहळ चालते. अशा वाटा जपायला हव्यात, कुणीतरी काहीतरी करायला हवं, वगैरे. मी त्या हळहळीत पूर्वी सूर मिसळायचो. पण पदरावरच्या एका वस्तीवरून अडलेल्या बाईला झोळीत घालून, खांद्यावरून खाली कसं न्यावं लागलं होतं, ते तिच्या दिरानं मला वाटेवरची जागा न्‌ जागा दाखवत सांगितलं. इथं खांदा बदलला, इथं बॅटरी गेली, इथं बसलो. ती जागा माझ्या आवडत्या वळणाची होती. मला रविवारी मजा यावी म्हणून त्या वस्तीला रस्ता मिळू नये, असं मनात आणणंही हलकटपणाचं आहे. रस्ता व्हावा. लवकर व्हावा.

काही मित्रांना वाटतं, आपणच वाटा बांधाव्यात. कुदळ घेऊन जायचं, वळणांना मातीचे बांध घालायचे, उड्या मारायला चढाव करायचे. माझा याला विरोध आहे, आणि त्यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली आहेत. डोंगर कुणाचा तरी असतो. काही वनखात्याचा, काही सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाचा, काही पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणाऱ्यांचा. आपण तिघांपैकी कुणीच नाही. शिवाय या पावसात मातीचा बांध जुलैदेखील बघत नाही.

गंमत अशी, की वाटा मोडताहेत म्हणता म्हणता नव्या होताहेत. त्या आजींच्या वाड्यावर आता त्यांचा नातू दूध घालतो. डांबरी रस्ता वाड्यापर्यंत आलेला नाही, खालच्या गावात थांबलाय. नातवानं जुनी स्प्लेंडर घेतली, दोन्हीकडं कॅन लटकवले आणि ढोरवाटेवरूनच तो गाडी खाली न्यायला लागला. म्हैस जिथून सहज जायची तिथून कॅन लावलेली स्प्लेंडर जाईना. म्हणून त्यानं काही ठिकाणी वाट हलवली. उभ्या नाळेला टाळून एक लांब वळसा काढला, दोन ओढ्यांच्या काठाला दगड लावले, मोठे धोंडे पहारीनं ढकलून दिले. झालेली वाट एका चाकाच्या रुंदीची आहे. वळणं दुचाकीची आहेत. चढ एवढाच, की पहिल्या गिअरमध्ये दूध न सांडता चढता यावा. मॅरिनमधल्या कुणालाही आणून दाखवावी अशी. एका अभ्यासू मित्रानं ती चालवल्यावर विचारलं, कुणी डिझाइन केलीय?

परवा त्या वाटेवर नातू समोरून आला. कॅन भरलेले, म्हणजे वाट त्याची. मी सायकल उचलून कडेला झालो. तो थांबला, एक पाय दगडावर टेकवून बोलायला लागला. मधल्या ओढ्याचे दगड गेल्या पावसात निम्मे वाहून गेलेत, यंदा मोठे लावायचे आहेत, पण घरात माणसं कमी आहेत.

“तुम्ही दर आठ दिसाला येताच की दादा, वाट वापराया. मे महिन्यात या चार जण घेऊन. जेवण आमच्याकडं.”

कंपूत विचारलं. जे उड्यांचे चढाव बांधायला एका पायावर तयार होते, त्यातल्या काहींना त्या आठवड्यात नेमकं काम निघालं. तिघं येताहेत. टिकाव आणि घमेली वाड्यावर आहेत, पहार एकच आहे असं तो म्हणाला, म्हणून तुळशीबागेच्या मागच्या बोळातून एक घेऊन ठेवली आहे. ती सायकलला कशी बांधायची, ते अजून सुचत नाही.